मदत हवी आहे - लिव्हर ट्रान्सप्लांट, डोनरचंच लिव्हर फॅटी निघालंय

नमस्कार मंडळी, माझ्या दादाला (वय 52) सिरोसिस आहे. दारूला कधी हात नाही लावला त्याने, शुगर आणि फॅटी लिव्हर, तरी नातेवाईक पहिलं तेच विचारतात, असो. गेल्या महिन्यात पोटातून साडेचार लिटर पाणी काढलं आणि आता परत एवढी सूज की चप्पल पायात जात नाही. मेल्ड स्कोअर 23 आलाय, हा 6 ते 40 असतो ना, बिलिरुबिन, क्रिएटिनिन, आयएनआर वगैरेवरून काढतात आणि पुढच्या तीन महिन्यांतला धोका कळतो, एवढं डॉक्टरांनी समजावलं. वहिनी द्यायला तयार होती पण सीटीत तिचंच लिव्हर फॅटी निघालं, वजन कमी करा दोन महिन्यांनी परत बघू म्हणाले, बिचारी आता भाकरीसुद्धा मोजून खाते. तोवर पुण्याच्या झेडटीसीसीच्या (मृत दात्यांचे अवयव वाटून देणारी समिती) वेटिंग लिस्टला नाव घातलंय.

असं वजन उतरवून डोनर म्हणून पास झालेलं कोणी आहे का इथे? किती दिवस लागले? आणि थांबण्यात मेल्ड वाढला तर ऑपरेशननंतरच्या रिकव्हरीवर कितपत फरक पडला तुमच्याकडे? ट्रान्सप्लांटनंतर शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस देतात, त्याची रक्तातली लेव्हल सकाळची गोळी घ्यायच्या आधी तपासतात म्हणे, आम्ही बार्शीचे, बाहेरगावचे लोक हे कसं जमवतात तेही सांगा. काढे-चूर्णं प्लीज सुचवू नका.