आयव्हीएफनंतर पोटात पाणी झालं, तर फाइलवर खरा कोड लावायचा का?

मिरजेची कोडर: आयव्हीएफच्या इंजेक्शनांनी कधीकधी अंडाशय फार सुजतात, पोटात पाणी साठतं, धाप लागते, रक्त घट्ट होऊन गुठळीची भीती असते. हा ओएचएसएस, म्हणजे ओव्हेरियन हायपरस्टिम्युलेशन सिंड्रोम. आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत, आयसीडी-१० मध्ये, त्याला स्वतःचा कोड आहे, एन९८.१. तरी माझ्यापुढे येणाऱ्या काही डिस्चार्ज कार्डांवर नुसतं ‘जलोदर’ असतं, म्हणजे आर१८. कारण उघड आहे: वंध्यत्वाचा खर्च आरोग्य विम्यात ‘एक्सक्ल १७’ या वगळणुकीच्या कलमाखाली वगळलेला असतो. मूळ आजार माहीत असताना लक्षणाचा कोड पुढे करायचा नाही, हा आमच्या कामाचा साधा नियम. मी एन९८.१ च लावणार.

जतकर: ताई, नियम बरोबर आहे. पण आयव्हीएफच्या एका फेरीसाठी, सायकलसाठी, सोनं आधीच गहाण पडलेलं असतं, त्यात आयसीयूचं बिल. आमच्या नात्यातल्या पोरीचा क्लेम याच एका ओळीवर नाकारला. पोटातलं पाणी खोटं होतं का? मग पाण्याचा कोड लावला तर पाप कसलं?

क्लेम डेस्क, सांगली: दादा, टीपीए, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारी संस्था, फक्त कोड बघत नाही. सोनोग्राफी मागतात, औषधांची बिलं मागतात. त्यात सगळं दिसतं. मग माहिती लपवली म्हणून आख्खा क्लेम जातो आणि पुढे भांडायलाही तोंड राहत नाही.

वाळव्याची सून: पैशाचं सोडा. डिस्चार्ज कार्ड घरात सगळे वाचतात. आयव्हीएफ केलंय हे कितीतरी जणी सासरी सांगत नाहीत. त्या बाईला विचारल्याशिवाय कागदावर लिहूच नये.

मिरजेची कोडर: वहिनी, घरी कार्ड कुणाच्या हाती द्यायचं ते तिनं ठरवावं, हे मान्य. पण फाइलवर खरं हवंच. उद्या ती दुसऱ्या गावी दुसरी सायकल करेल. एकदा ओएचएसएस झालेल्या बाईला तो पुन्हा व्हायचा धोका जास्त. हे कळलं तर डॉक्टर डोस कमी ठेवतात, बीज पक्व करणारं शेवटचं, ट्रिगरचं इंजेक्शन बदलतात, गर्भ गोठवून ठेवतात. नुसता जलोदर वाचून काय कळणार?

आणि जतकर दादा, २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यात स्त्रीबीज देणाऱ्या बाईचा बारा महिन्यांचा विमा जोडप्यानं काढायचा, असं आहे. तीच इंजेक्शनं स्वतःच्या मुलासाठी घेणारीला मात्र काही नाही. भांडण इथं आहे. जीव वाचवायला केलेला इलाज हा वंध्यत्वाचा उपचार नव्हे, असं लिहून आधी कंपनीकडे तक्रार करा, नाही ऐकलं तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथं फी नाही.

जतकर: लोकपालाकडे जाऊ की. पण हॉस्पिटल पैसे भरल्याशिवाय घरी सोडत नाही, निकाल नंतर कधीतरी. एन९८.१ लावायचा तर भरती होतानाच घरच्यांना सांगा की क्लेम अडेल. आम्हाला ते बिलाच्या खिडकीवर कळलं.