मदत हवी आहे: बाळाच्या मेंदूसाठी आहारात नेमके काय द्यावे?

पलासियाकर: पत्नीला दिवस गेले आहेत. माझी आई बदाम आणि साजूक तुपाचा आग्रह धरते, तर सासूबाईंचा भर अक्रोडावर आहे, कारण तो मेंदूसारखा दिसतो. कृपया आजच सांगावे. संध्याकाळी सियागंजात सुकामेवा आणायला जायचे आहे.

मावशी_इंदूर: कितवा महिना, हेच आपण लिहिलेले नाही. ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याचे कळण्याआधीच, आणि म्हणून फॉलिक अ‍ॅसिड गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायचे असते.

वैद्यप्रेमी: मी नऊ महिने शतावरी कल्प घेतला. मुलगा आज आयआयटीत आहे.

शंकेखोर: त्याचे श्रेय शतावरीला देणे म्हणजे त्याने केलेल्या अभ्यासावर अन्याय आहे.

राजवाडा_१२: केशराने बाळ गोरे होत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

पलासियाकर: केशराचे मी विचारलेच नव्हते. तिसरा महिना आहे, फॉलिकची गोळी चालू आहे. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत आणि आईच्या नेमामुळे घरात फक्त सैंधव वापरतो. आता तरी सुकामेव्याचे सांगावे.

मावशी_इंदूर: खरी गोष्ट आपण शेवटी, तीही जाता जाता सांगितलीत! साध्या सैंधवात आयोडीन मिसळलेले नसते. या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइड संप्रेरकावर अवलंबून असते आणि ते संप्रेरक आयोडीनशिवाय तयार होत नाही. जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणी रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन सुचवते. दुसरे म्हणजे जीवनसत्त्व बी-१२ तपासून घ्यावे, कारण मज्जातंतूंवरचे आवरण तयार होण्यासाठी ते लागते, वनस्पतींतून ते जवळजवळ मिळत नाही आणि फॉलिकची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही.

वैद्यप्रेमी: आमच्या आज्यांनी सैंधवच खाल्ले आणि मुले शहाणीच निघाली.

शंकेखोर: जी निघाली नाहीत, त्यांची मोजदाद कोणी ठेवली? अक्रोड खुशाल आणा, पण तो मिठातल्या आयोडीनची उणीव भरून काढणार नाही.

पलासियाकर: पाकीट पाहिले, आयोडीनचा उल्लेख नाही. आता आईला कसे सांगावे?

मावशी_इंदूर: उपवासाला सैंधव राहू द्या, रोजच्या भाजी-वरणात तेवढेच आयोडीनयुक्त मीठ घाला आणि पुढच्या तपासणीला आईंनाही सोबत न्या. थायरॉइड आणि बी-१२ची तपासणी डॉक्टरांनी त्यांच्यासमोर सांगितली, तर घरी वाद होणार नाही.