गाडीच्या एसीतला गॅस दरवर्षी बदलावा का?

दुचाकीतून चारचाकीत (पुणे):
मार्च उजाडला की सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डावर 'एसी सर्व्हिस' ही ओळ न विचारता येऊन बसते. यंदा माझ्या साडेचार वर्षांच्या हॅचबॅकच्या बाबतीतही तेच झाले. एसी उत्तम गार होत असताना जुना गॅस काढून नवा भरण्याचा आग्रह झाला आणि मी तो नाकारला. माझी कारणे मांडतो. ज्यांना पटत नसतील त्यांनी ती अवश्य खोडून काढावीत.

हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही आणि इंजिन ऑइलसारखा काळाही पडत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव होतो, आणि डॅशबोर्डामागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याच द्रवाची पुन्हा वाफ होताना केबिनमधली उष्णता शोषली जाते. हे चक्र बंदिस्त आहे. गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळला आहे, आणि गळती न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे झिरपत्या माठात पाणी ओतत राहणे होय. नियमाने करायचेच असेल तर केबिन फिल्टर बदलावा आणि कंडेन्सरवरची धूळ व किडे पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने धुवावेत. बंद यंत्रणा कारणाशिवाय उघडू नये.

वऱ्हाडातला (नागपूर):
आपण घरच्या फ्रिजचा न्याय गाडीला लावत आहात. फ्रिजमध्ये मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच सीलबंद डब्यात असतात आणि नळ्या झाळलेल्या असतात. बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांत मात्र कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरतो, म्हणजे त्याचा दांडा सीलमधून बाहेर आलेला असतो. शिवाय इंजिन हादरते म्हणून मधल्या नळ्या रबरी ठेवाव्या लागतात आणि प्रत्येक जोडावर ओ-रिंग, म्हणजे रबरी कडे, असते. अशा रचनेतून थोडा गॅस झिरपणारच, त्याला 'बिघाड' म्हणता येत नाही.

दुसरा मुद्दा तेलाचा. कॉम्प्रेसरचे वंगण गॅसबरोबरच फिरत असते, त्यामुळे गॅस घटला की तेलही नीट परत येत नाही. माझ्या दोन गाड्या पर्यटनासाठी भाड्याने चालतात. त्यांपैकी एकीचे काम मी 'गार तर होते आहे' असे म्हणत लांबवले, आणि ऐन मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे गेलेला असताना, कॉम्प्रेसर जाम झाला. त्याचा धातूचा चुरा यंत्रणेत पसरल्यामुळे कंडेन्सरही बदलावा लागला. पुण्याच्या हवेत आपला सिद्धान्त टिकत असेल, आमच्याकडे नाही.

दुचाकीतून चारचाकीत:
सीलचा मुद्दा मान्य आहे. मात्र त्यातून 'तपासावे' एवढेच सिद्ध होते, 'दरवर्षी बदलावे' हे होत नाही. मी मधल्या झरोक्यात साधा तापमापक लावून दर उन्हाळ्याच्या तोंडाशी आकडा लिहून ठेवतो. एसी पूर्ण, हवा आतल्या आत फिरती, गाडी सावलीत, अशा स्थितीत यंदाही ८ अंश आले, गेल्या वर्षीइतकेच. गॅस घटला असता तर तो इथेच दिसला असता.

माजी वर्कशॉपवाला (कोल्हापूर):
दोघांनाही थोडे अडवतो. झरोक्यातले तापमान उशिरा बोलते, कारण थोडा गॅस कमी असला तरी सौम्य हवेत यंत्रणा ते सांभाळून घेते आणि उणीव कळते ती भर उन्हात सिग्नलला उभे असताना. दुसरीकडे, गेज लावून 'प्रेशर कमी आहे, थोडा गॅस टाकू' म्हणणाऱ्या मेकॅनिकवरही विसंबू नये. इंजिन बंद असताना यंत्रणेत द्रव शिल्लक आहे तोवर दाब ठरतो तो तापमानावर, गॅसच्या वजनावर नव्हे. गाड्यांच्या एसीत सर्रास असणाऱ्या आर-१३४ए या गॅसचा दाब ३० अंशांना गेजवर साधारण ९५ ते १०० पीएसआय दिसणार, मग आत ३०० ग्रॅम असो वा ४५०. चालू गाडीतले आकडे अधिक सांगतात, पण तेही बाहेरची हवा, पंखा आणि कंडेन्सरची स्वच्छता यांनुसार हलतात.

खात्रीचा मार्ग एकच: मशीनने सगळा गॅस काढून त्याचे वजन करणे, ओलावा जाईपर्यंत व्हॅक्यूम करणे, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅममध्येच पुन्हा भरणे. जास्त भरला तरी गारवा घटतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो, हे गिऱ्हाइकाला पटवता पटवता माझी नोकरी संपली. वजनकाटा नसलेल्या ठिकाणी गॅसला हात लावू देऊ नये.

समुद्राकाठचा (रत्नागिरी):
आमचे दुखणे निराळेच आहे. माझी कूलिंग कॉइल सहाव्या वर्षी गळू लागली आणि ती काढण्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागला. त्याआधी मी दोनदा 'एसी सर्व्हिस'चे पैसे दिले होते. झरोक्यात सुगंधी फेस मारण्यापलीकडे त्यात काय केले, हे कोणी सांगू शकले नाही.

वऱ्हाडातला:
ती सर्व्हिसिंगच नव्हती, त्यामुळे तिचा दोष माझ्या मताला लागत नाही. फिल्टर तुंबलेला किंवा काढून टाकलेला असेल तर धूळ आणि पाचोळा ओल्या कॉइलवर बसतो, आणि तिथे ओल धरून राहिली की ॲल्युमिनियम कुजते. पाणी जाण्याची नळी तुंबल्यास डाव्या बाजूच्या पायांखाली ओलही येते. ही कामे वेळापत्रकानेच व्हायला हवीत.

दुचाकीतून चारचाकीत:
त्यावर आपले भांडण नाहीच. भांडण गॅसपुरते आहे. मशीन नसलेल्या ठिकाणी जुना गॅस सरळ हवेत सोडतात, आणि आर-१३४एची वातावरण तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे. याच कारणाने युरोपीय संघाने २०१७पासून नव्या मोटारींत तो बंद केला. चांगला चाललेला एसी केवळ मार्च आला म्हणून रिकामा करणे मला पटत नाही. तथापि वजनाचा मुद्दा बिनतोड आहे. पाच वर्षे पूर्ण झाली की ऑक्टोबरात, गर्दी नसताना, काटा असलेल्या ठिकाणी एकदा गॅस काढून मोजून घेईन.

वऱ्हाडातला:
स्टिकरवर किती लिहिले आहे?

दुचाकीतून चारचाकीत:
४५० ग्रॅम.

वऱ्हाडातला:
४००च्या खाली निघाला तर तर्रीपोहे आपल्याकडून. वर निघाला तर माझ्याकडून, आणि माझ्या गाड्यांचा गॅस मी दोन वर्षांनी मोजेन, वर्षाने नाही.

माजी वर्कशॉपवाला:
मोजणाऱ्याला एवढे सांगा की गॅसबरोबर जितके तेल निघेल तितकेच परत भरायचे आहे. ते बहुतेक जण विसरतात.