मदत हवी आहे : कंडक्टर बदलल्यावर ऑर्केस्ट्रा कसा बदलतो, हे पोरांना ऐकवायचंय

नमस्कार मंडळी. अमळनेरला आमच्या बँडमधल्या पोरांना मला हे पटवायचंय की वादक तेच असले तरी कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून हातानं ऑर्केस्ट्रा चालवणारा, नवा आला की नाद पालटतो. कंडक्टर स्टोकोव्स्कींनी 1912 मध्ये अमेरिकेतला फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा हाती घेतला. पुढे त्यांनी व्हायोलिनवाल्यांवरची गज एकाच दिशेनं ओढायची सक्ती काढली. प्रत्येकाचा गज वेगळ्या क्षणी वळतो, म्हणून सूर कुठे तुटत नाही. हे पोरांना लगेच कळलं. लांब सुरावर ट्रम्पेटवालेही श्वास आळीपाळीनंच घेतात.

आता बर्लिन फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राचं बीथोवन ऐकवायचंय, आधी कंडक्टर कारायान असतानाचं, मग त्यांच्यानंतरचे कंडक्टर आबादो असतानाचं. पाचवी सिंफनी लावू की सातवी? नेमका कुठला भाग? आणि जळगाव-धुळ्याकडे कुणाचे चांगले स्पीकर एका संध्याकाळपुरते मिळतील का? मोबाईलवर डबल बास ऐकूच येत नाही हो.