आजोबांचं रिव्हॉल्वर: पुढच्या पिढीकडे द्यावं की जमा करावं?

लष्करवाला
यंदा मला सत्तरी पूर्ण झाली. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचं वय 70 झालं किंवा ताब्याला 25 वर्षं झाली की हत्यार वारसाच्या नावावर करता येतं. मुलगा म्हणतो, "बाबा, जमा करून मोकळे व्हा." मुलगी म्हणते, "माझ्या नावावर करा." मी मुलीच्या बाजूने आहे.

रिव्हॉल्वर वेब्ली अँड स्कॉटचं, बर्मिंगहॅमची बनावट, .32 बोअर (म्हणजे नळीचं छिद्र 0.32 इंचाचं), सहा गोळ्यांचं. आजोबा आपल्या ग्वाल्हेर संस्थानात, शिंदे सरकारच्या नोकरीत असताना घेतलेलं. कळ अंगठ्याने दाबली की नळी पुढे झुकते, सिलिंडरमधला तारा वर येतो आणि सहाही रिकामी काडतुसं एकदम बाहेर पडतात. ती हालचाल आजही घड्याळासारखी आहे. मुठीवरची नक्षी उजवीकडे झिजून गुळगुळीत झाली आहे, आणि माझा तळवा नेमका तिथेच बसतो. फोटोतल्या आजोबांना मी फक्त बघतो. नेमबाजीच्या रेंजवर घोडा मागे ओढतो, श्वास धरतो, चाप दाबतो, तेव्हा त्यांच्या हाताला जे जाणवलं असेल तेच माझ्या मनगटाला जाणवतं. आमच्या घरातली दुसरी कुठलीही वस्तू मला हे देत नाही.

वर्षाला वीस-पंचवीस गोळ्या, त्याही रेंजवरच. बंद पेटीतलं हत्यार म्हणजे लोखंडाचा तुकडा. ते चालवलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

छावणीची सून
काका, तुमच्या भावनेबद्दल आदर आहे, पण माझा ठाम विरोध आहे. माझ्या चुलतभावाच्या लग्नात वरात दारात आली आणि कोणीतरी आनंदात हवेत बार काढला. वर गेलेली गोळी खाली येतेच. ती शेजारच्या गच्चीवर उभ्या असलेल्या मुलीच्या खांद्यात शिरली. ती वाचली, पण हात आजही पूर्ण वर जात नाही. ते रिव्हॉल्वरही वडिलोपार्जित होतं आणि परवानाही पक्का होता.

शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने हर्ष फायरिंगला, म्हणजे आनंदाच्या भरात केलेल्या अशा गोळीबाराला, दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. त्याच दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवली. आमच्या सासऱ्यांकडे तीन होती. तिसरं जमा करताना ते दोन दिवस जेवले नाहीत. पण आज घरात त्यांची आठवण निघते ती त्यांच्या पेटीवादनाची. बंदुकीचं नावही कोणी काढत नाही.

तेलपाणी
मी लष्करवाल्यांच्या बाजूचा, पण एक काळजी आहे. काका, ते .32 आहे म्हणून निभावलं. .455 ची वेब्ली असती तर आपल्याकडे ती निषिद्ध बोअरमध्ये मोडते, साध्या परवान्यावर ठेवता आली नसती. .32 साठी खडकीच्या कारखान्याची काडतुसं मिळतात, तीच वापरा. कोणाच्या कपाटातून निघालेली जुनी काडतुसं अजिबात वापरू नका. जुन्या काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी असते, तिच्यातल्या क्लोरेटचा क्षार नळीत राहतो, हवेतला ओलावा ओढतो आणि पावसाळ्यात आठवड्याभरात नळी गंजते. चुकून चाललीच, तर आधी गरम पाण्याने नळी धुवा, मग तेल.

दरवर्षी एक तपासणी कराच. हत्यार रिकामं आहे ना हे दोनदा बघा, घोडा पूर्ण मागे ओढा आणि सिलिंडर हलकेच फिरवून पाहा. जास्त डुलत असेल तर छिद्र नळीच्या सरळ रेषेत येत नाही, आणि शिशाचा कपचा बाजूला उडतो. बिजागरीपाशी भेग दिसली तर चालवणं त्याच दिवशी बंद.

माधवगंज
हत्यार बाळगण्याचा हक्क आपल्या पणजोबांना इंग्रजांनी नाकारला होता, हे विसरू नका. 1878 च्या कायद्यात युरोपियनांना सूट आणि हिंदी माणसाला परवाना. घरातलं रिव्हॉल्वर त्या अपमानावरचं उत्तर आहे.

छावणीची सून
दादा, तो कायदा ब्रिटिश इलाख्याचा. आपलं ग्वाल्हेर संस्थान होतं, त्यामुळे तो अपमान आपल्या सरदार घराण्यांवर तसा आलाच नाही. आणि इतिहास काढायचाच तर पूर्ण काढू. 30 जानेवारी 1948 ला गांधीजींवर झाडलेलं बेरेटा पिस्तूल याच शहरातून गेलं होतं.

आज शहरातल्या महाराज बाड्याच्या चौकात खांद्याला बंदूक लावून फिरणारे दिसतात, त्यांतल्या किती जणांना खरंच धोका आहे? 2019 मध्ये जिल्हाधिकाऱ्यांना 'परवाना हवा तर आधी दहा झाडं लावा' असं सांगावं लागलं, इतके अर्ज येत होते. त्या रांगेतल्या कित्येकांच्या मनात हेच असतं: आजोबांकडे होतं, आपल्याकडेही असावं.

तेलपाणी
खांद्यावर मिरवणारा आणि रेंजवर जाणारा, यांना एकाच तागडीत तोलू नका, ताई. पंचवीस मीटरच्या सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेत नेमबाज .32 चीच काडतुसं वापरतात. तिथे घमेंड घेऊन गेलेला माणूस पहिल्या पाच गोळ्यांत जमिनीवर येतो.

लष्करवाला
माधवगंज, माझ्यासाठी यात अपमान वगैरे काही नाही. आजोबांनी ते कधी कोणावर रोखलं नाही, मीही नाही.

ताई, तुमची गच्चीवरची मुलगी माझ्या डोक्यातून जात नाहीये. आमच्या घरी नियम आहे: लग्नाकार्यात पेटीला दोन कुलपं, एक किल्ली बायकोकडे. तरी मान्य करतो, हा नियम माझ्यापुरता आहे. मी नसताना कोण पाळेल याची हमी मी देऊ शकत नाही.

जमा करायला मन धजत नाही याचं एक कारण सांगतो. निवडणुकांमुळे, विधानसभा 2023 आणि लोकसभा 2024, सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा ते पोलीस ठाण्यात ठेवावं लागलं. दुसऱ्यांदा परत आलं तेव्हा नळीवर तीन तांबूस डाग होते. मालखान्यात, म्हणजे ठाण्याच्या कोठीत, ओलसर पोत्यावर पडलेलं असणार. घासून दोन गेले, तिसरा आहे अजून. कायमचं जमा केलं तर त्याचं काय होईल हे मला त्या डागात दिसतं.

छावणीची सून
डागाचं वाईट वाटलं, खरंच. मत मात्र बदललेलं नाही. मुलीला एवढंच विचारा: ती दरवर्षी रेंजवर जाणार आहे, की कपाटात ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवणार आहे? दुसरं असेल, तर काका, तिच्या नावावर करू नका.

लष्करवाला
रविवारी ती पुण्याहून येते आहे. रेंजवरच घेऊन जातो, तिथेच विचारतो.