मदत हवी आहे : बोटीतून देवमासे, डॉल्फिन आणि समुद्रपक्षी कोठे दिसतील?

धानपट्टा :
नमस्कार. सुटीत कुटुंबासह बोटीतून देवमासे, डॉल्फिन आणि समुद्रपक्षी पाहण्याचा विचार आहे. तारकर्लीच्या एका बोटवाल्याशी फोनवर बोललो. डॉल्फिन शंभर टक्के दिसतील असे तो म्हणाला, देवमाशाचे विचारल्यावर ‘नशीब असेल तर’ एवढेच बोलला आणि आगाऊ रक्कम उद्यापर्यंत भरण्यास सांगितले. रक्कम भरावी की नाही, एवढेच कृपया लवकर सांगावे.

खाडीमुख :
कोणती सुटी, कोठून निघणार आणि सोबत कोण, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. पावसाळ्यात जलपर्यटन बंद असते, त्यामुळे महिना कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. देवमासे कोकणच्या समुद्रात आहेत, हे खरे. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला निळा देवमासा किनाऱ्याला लागला होता आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू आले होते. परंतु पर्यटकांची बोट किनाऱ्यालगतच फिरते, म्हणून त्या आशेवर पैसे भरू नयेत. डॉल्फिनचे तसे नाही. पाठीवर कुबड असलेली आपल्याकडची जात उथळ पाण्यात आणि खाडीच्या तोंडाशी मासे धरते, त्यामुळे देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते त्या भागात, सकाळी वारा पडलेला असताना, ती दिसण्याची शक्यता चांगली असते.

रामटेकवासी :
देवमासेच पाहायचे असतील तर श्रीलंकेतील मिरिसा गाठावे. डिसेंबर ते एप्रिल या काळात तेथून निळे देवमासे पाहण्यासाठी रोज बोटी सुटतात. बाकी सर्व तडजोड आहे.

धानपट्टा :
पारपत्र घरात कोणाचेही नाही. प्रश्न आगाऊ रकमेचा होता, तरीही विचारले म्हणून सांगतो. आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातले. धानाची मळणी आटोपल्यावर, नाताळच्या सुमारास निघू. सोबत पत्नी, दोन मुले आणि आई आहे. आईला एसटीतही मळमळते.

सारसमित्र :
भाऊ, ही माहिती पहिल्याच वेळी दिली असती तर श्रीलंकेपर्यंत जावे लागले नसते. गोंदियाहून पुरी–अहमदाबाद एक्स्प्रेस जाते, तिने थेट पुरीला उतरावे आणि तेथून सुमारे ५० किलोमीटरवर चिलिका सरोवराच्या काठी सातपाडा आहे, तेथे बोट घ्यावी. तेथील इरावदी डॉल्फिनला चोच नसते, डोके गोल असते आणि तो क्वचितच उडी मारतो. पाठ वर येते आणि बुडते, तेवढ्यात पाहून घ्यावे लागते. मुलांना हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर जाहिरातीतल्या उड्या शोधत बसतील. सरोवरात समुद्रासारख्या लाटा नसल्याने आईंनाही त्रास कमी होईल.

खाडीमुख :
सरोवर म्हणजे समुद्र नव्हे. प्रश्नात समुद्रपक्षी स्पष्ट लिहिलेले आहेत.

सारसमित्र :
कुरव (गल) आणि सुरय (टर्न) हे समुद्रपक्षी हिवाळ्यात चिलिकेवरही असतात, शिवाय सरोवरातल्या नलबण बेटावर बदकांचे थवे उतरतात. वादळपाखरांसारखे खरे खोल समुद्रातले पक्षी तर आपल्या कोकणातल्या तासाभराच्या फेरीतही सहसा दिसत नाहीत. पावसाळी वाऱ्याने थकून किनाऱ्यावर येऊन पडतात, तेव्हाच ते लोकांच्या दृष्टीस पडतात.

खाडीमुख :
ते मान्य. पण पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड किनाऱ्यावरच्या झाडावर बसलेला पाहायचा असेल, तर कोकणच बरे. शिवाय सुरय एकाच जागी पाण्यात सूर मारताना दिसले की तेथे माशांचा थवा असतो, आणि पुष्कळदा डॉल्फिनही तेथेच निघतात. आमच्याकडचे जुने खलाशी पक्ष्यांकडेच पाहत असतात.

वऱ्हाडी_दुर्बीण :
हलत्या बोटीत जास्त शक्तीच्या दुर्बिणीतून चित्र थरथरते, म्हणून १० x ५० ऐवजी ८ x ४२ ची दुर्बीण घ्यावी. आणि पक्ष्यांसाठी नवेगावबांधचा तलाव आपल्याच तालुक्यात असताना एवढ्या दूर जाण्याचे कारण समजले नाही.

धानपट्टा :
नवेगावबांधला डॉल्फिन नाहीत, म्हणून दूर जाणे आहे.

दवाखान्यातली_ताई :
आईंविषयी कोणीच नीट लिहिलेले नाही. मळमळ थांबवण्याची गोळी डॉक्टरांना विचारून, बोटीत चढण्याआधी साधारण तासभर द्यावी, कारण उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. उपाशीपोटी नेऊ नये, थोडे कोरडे खाणे द्यावे. बोटीच्या मध्यभागी बसवावे आणि दूर क्षितिजाकडे पाहण्यास सांगावे.

सारसमित्र :
आता मूळ प्रश्न. शंभर टक्के दाखवतो असे म्हणणाऱ्या बोटवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शब्द राखण्यासाठी असा माणूस डॉल्फिनच्या मागे इंजिन पळवतो, दोन-तीन बोटी मिळून घेराव घालतात, आणि जनावर बुडी मारून भलतीकडेच निघते. कधी त्याला पंख्याच्या पात्याने इजाही होते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत कोकणातली कुबडवाली आणि चिलिकेतली इरावदी या दोन्ही जाती आहेत.

खाडीमुख :
या मुद्द्यावर मी सारसमित्रांशी सहमत आहे, जरी कोकणातले सगळेच बोटवाले तसे नाहीत. अंतर ठेवून इंजिन बंद कराल का, असे आधी विचारावे. जो ‘होय’ म्हणेल आणि प्रत्येकाला जीवरक्षक जॅकेट देईल, त्याच्याशी भाड्याचे बोलावे.

धानपट्टा :
रक्कम भरलेली नाही. पुरीच्या गाडीची तिकिटे पाहतो आहे. सातपाड्याला पूर्ण बोट घ्यावी लागते की माणशी पैसे द्यावे लागतात?

रामटेकवासी :
मिरिसाला माणशी असतात.