‘म्हातारा’ हा शब्द मुळात आदराचा होता का?

शाईदौत

मी एका वाचनालयात काम करते. खिडकीपाशी उजेड चांगला येतो, म्हणून तिथल्या दोन खुर्च्यांवर मी पुठ्ठ्याची पाटी लावली होती : ‘वृद्धांसाठी राखीव’. गेल्या आठवड्यात कुणीतरी पेन्सिलीने ‘वृद्धांसाठी’वर रेघ मारून वर ‘ज्येष्ठांसाठी’ लिहिलं. दोन दिवसांनी तेही खोडलेलं, आणि खाली थरथरत्या पण वळणदार अक्षरात ‘म्हाताऱ्यांसाठी’. ते अक्षर मी ओळखते. ऐंशी ओलांडलेले एक काका रोज येतात, भिंगाने वाचतात, त्यांचं. विचारलं तर म्हणाले, “म्हातारा झालोय, तर म्हातारा लिहिलं. त्यात लपवायचं काय?”

त्याच दिवशी रोज येणाऱ्या एक बाई ती पाटी वाचून तशाच उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “हा शब्द घरी ऐकतेच गं. इथे तरी नको.”

तेव्हापासून पाटी माझ्या टेबलाच्या खणात आहे. मला मनापासून जाणून घ्यायचंय : वृद्ध, म्हातारा, ज्येष्ठ, थेरडा, बुढा या शब्दांचे मूळ अर्थ काय? अपमान कोणत्या शब्दात जन्मापासून आहे, आणि कोणत्यात तो आपण नंतर भरला?

कोशवेडा

तुमच्या काकांना सांगा, त्यांनी स्वतःला मोठी पदवी घेतली आहे. ‘म्हातारा’ आला संस्कृत ‘महत्तर’वरून. महत् म्हणजे मोठा, महत्तर म्हणजे अधिक मोठा. जुन्या ताम्रपटांत गावच्या प्रमुख मंडळींना ‘महत्तर’ म्हटलेलं आढळतं. पुढे बोलण्यात ‘मह’चं ‘म्ह’ झालं, जसं महिषीची म्हैस झाली. ‘म्हात्रे’ या आडनावाचं मूळही तिथेच सांगतात. फारसीतला ‘मेहतर’ याच शब्दाचा लांबचा भाऊ, अर्थ तोच, अधिक मोठा. आजच्या पाकिस्तानातल्या चित्रालच्या राजांचा किताब ‘मेहतर’ होता.

‘वृद्ध’ वृध् धातूचा. वृद्ध म्हणजे वाढलेला. वृद्धी, वर्धन, आपलं ‘वाढणं’ हे सगळं त्याच घरातलं. या शब्दात झीज नाही, वाढ आहे. प्राकृतात त्याचं ‘वुड्ढ’, ‘बुड्ढ’ झालं, तिथून बुढा.

आणि ‘थेरडा’. हा शब्द मला फार लागतो, म्हणून थोडं सविस्तर. संस्कृत ‘स्थविर’, म्हणजे स्थिर झालेला, पाय रोवून उभा असलेला. पालीत आणि प्राकृतात त्याचा झाला ‘थेर’. बौद्ध संघातल्या जुन्या, आदरणीय भिक्खूला थेर म्हणत, भिक्खुणीला थेरी. थेरवाद या बौद्ध पंथाचं नाव त्यावरूनच. लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यांत एका कोपऱ्यात 14 स्तूप दाटीने उभे आहेत. त्यांतल्या काहींवर ब्राह्मीत ‘थेरानं भयंत’ अशी सुरुवात करून पुढे त्या त्या थेराचं नाव कोरलं आहे. भयंत म्हणजे भदंत, आदरणीय. दगडात कोरून ठेवण्याइतका मान होता या शब्दाला. आपण त्याला मागून एक ‘डा’ लावला आणि त्याची शिवी केली.

झीज खरोखर कुठे असेल तर ‘जरा’मध्ये. जॄ म्हणजे झिजणं, विरणं. जरठ, जर्जर, जीर्ण त्याचेच. जीर्णचं प्राकृतात ‘जुण्ण’ आणि मराठीत ‘जुना’. पण गंमत बघा, माणसाला आपण सहसा जुना म्हणत नाही, कपड्याला म्हणतो. माणसासाठी मात्र वाढीचे, मोठेपणाचे, स्थैर्याचे शब्द निवडले गेले. दुसऱ्या भाषांतही तेच : अरबीतला शेख म्हणजे मुळात वयस्क माणूस, फारसीतला पीरही तोच.

वावरातली

बुढा-बुढीबद्दल एवढंच. आमच्या वऱ्हाडात ‘माहा बुढा’ म्हणजे माझे वडील. हाक नाही ती, पण सांगताना सहज येते, आणि त्यात राग नसतो. माझ्या नवऱ्याला लग्नानंतर पहिल्यांदा ऐकून धक्का बसला होता. आता तोही म्हणतो.

पाटीलेखक

‘ज्येष्ठ’ निवडणारा वाचकही चुकला नाही. पाणिनीने ‘ज्य च’ (5.3.61) या सूत्रात ‘प्रशस्य’ला, म्हणजे प्रशंसनीयला, ‘ज्य’ आदेश (त्याच्या जागी येणारं रूप) सांगितला आणि लगेच पुढच्या ‘वृद्धस्य च’मध्ये (5.3.62) ‘वृद्ध’लाही तोच. म्हणजे ज्येष्ठ हा सर्वांत प्रशंसनीयही आणि सर्वांत वृद्धही. शिवाय 2007 च्या कायद्याने 60 वर्षं पूर्ण झालेल्याला ‘ज्येष्ठ नागरिक’ केलं, त्यामुळे हा शब्द सगळीकडे चालतो. माझी तक्रार एवढीच, की तो आता अर्जावरचा रकाना झालाय. कुणी आपल्या आजीला ज्येष्ठ म्हणत नाही.

उंबरठा

कोशवेडा यांचं सगळं मान्य, पण त्या बाईंना व्युत्पत्ती सांगून काय उपयोग? त्यांच्या घरात तो शब्द ज्या सुरात फेकला जातो, तो सूर कोशात नसतो. माझी आई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला होती. सांभाळायला येणारी मुलगी तिला ‘म्हातारे’ अशी हाक मारायची आणि आई खुदकन हसायची, कारण हाक मारताना ती तिचे केस विंचरत असायची. तोच शब्द एका नातेवाइकाने दारातून उच्चारला, “म्हातारी अजून आहे का?”, आणि आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हा पाटी लावताना मूळ अर्थ बघू नका, त्या बाईंचा चेहरा बघा.

शाईदौत

उंबरठा, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

आज दोघेही आले होते. मी काकांना ‘महत्तर’ सांगितलं, ते खूश झाले, वहीत लिहून घेतलं. मग मी बाईंपाशी बसले आणि वृद्ध म्हणजे वाढलेला, एवढंच सांगितलं. म्हातारीबद्दल काही बोलले नाही. त्या म्हणाल्या, “वाढलेली? मग ते चालेल.” काका भिंग पुसत म्हणाले, “असू दे, ह्यांना चालतो तो लिही. पण अक्षर मोठं काढ, मला दिसत नाही.”

नवा पुठ्ठा आणलाय. उद्या सकाळी ब्रशने लिहीन.